पैलवानाचं अस्तर

२ मार्च, सकाळी ७
लेक काल कुत्रा सोडून गेली. परदेशी बदली, परतीचं नक्की नाही. तिने ठेवलेलं नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून मी त्याला पैलवान म्हणतो. वजन बेचाळीस किलो, अंगावर केस त्याहून जास्त. डिसेंबरात ती येऊन बघणार. नीट सांभाळला असेल तर कायमचा आमच्याकडे, नाहीतर मैत्रिणीच्या शेतावर. मला काय, राहिला तर राहिला.
संकल्प : रोज अर्धा तास ब्रश. सहा पानी सूचना ठेवून गेलीये. चाळीस वर्षं कोट शिवलेल्या शिंप्याला कोट सांभाळायच्या सूचना! वाचणार नाही.

९ मार्च
ब्रश : एकदा. सुरू केला आणि पैलवान माझ्या पायांवर बसला. पाय बधिर. उरलेला ब्रश आमच्या हिने केला. देखरेख माझी.

२१ मार्च
केस गळताहेत. चहात केस, चष्म्यावर केस, कवळीच्या वाटीत केस. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, दुसरा पण आणलात का? तो दुसरा म्हणजे हिने झाडून काढलेला ढीग होता.
जवळून तपासणी केली. वर लांब राठ केस, आत कापसासारखी दाट लव. म्हणजे हा अस्तराचा कोट आहे! इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ही म्हणाली, पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलंय की.

८ मे, दुपारी २
ऊन मी म्हणतंय. पैलवान बाथरूमच्या फरशीवर पसरलाय, जीभ वीतभर बाहेर. जीव तुटतो बघून. एवढ्या उन्हात अस्तराचा कोट कोण घालतं? उपाय सोपा : वरचा कोट उतरवायचा, अस्तर ठेवायचं. ही म्हणाली, अहो, तो कोट नाही, कुत्रा आहे. तिला कटिंगमधलं काही कळत नाही.

९ मे
माप घेतलं. छाती चौतीस. कंबर सापडली नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून मशीन आणलं. डावी बाजू जरा आखूड झाली, म्हणून उजवी जुळवली. मग उजवी आखूड झाली. असं चार वेळा. शेवटी डोकं आणि शेपूट तेवढी मूळ मापात राहिली. अस्तरही थोडं हाती आलं.
एकंदरीत काम सुबक. ही तोंडावर हात ठेवून आत गेली. आनंद झाला असावा. पैलवान टेबलाखालून बाहेर येत नाही. नवा कपडा घातला की लाजतातच.

१३ मे
पैलवानाची पाठ उन्हाने भाजली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, ते केस म्हणजे त्याची छत्री, ऊनही अडवतात आणि थंडीही. कुणी केलं हे? मी म्हणालो, एका शिंप्याने. खोटं बोलायची सवय नाही. त्या म्हणाल्या, त्याला पुन्हा दारात उभं करू नका. मी हो म्हणालो आणि मलम घेऊन आलो.
दुसऱ्या पानावर लाल शाईने लिहिलंय : काहीही झालं तरी केस कापू नका. लाल शाई वाचायला त्रास होतो, हे लेकीला सांगायला हवं.

२० मे
संकल्प : जमीन तापायच्या आत, पहाटे पाचला फिरवायला नेणे.

२१ मे
पाचला उठलो. घड्याळात साडेसात झाले होते. ही आणि पैलवान फिरून येऊन झोपलेसुद्धा.

४ ऑगस्ट
पावसात भिजला की पाणी थेट कातडीपर्यंत जातं. हिने तासभर ड्रायरने वाळवला. वायर मी धरली. केस येताहेत, पण ठिगळाठिगळाने.
लेकीचा व्हिडिओ कॉल. मी फक्त डोकं दाखवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, बाबा, त्याला उभा करून दाखवा ना. नेट गेलं, असं सांगून मी फोन बंद केला. ही म्हणाली, अहो, नेट गेलंय हे सांगायला कुठून आलं नेट?

८ नोव्हेंबर
गारठा सुरू. पैलवान कुडकुडतो. रात्री माझी शाल त्याच्यावर घातली. शिंकतोय मी, पण ते धुळीने.
संकल्प : त्याला कोट शिवायचा. चांगला, अस्तराचा.

३० नोव्हेंबर
पाचवी ट्रायल. कच्चे टाके त्याने दाताने काढले, बटणं गिळली. पाचपैकी तीन मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेली दोन येतील, वाट बघा. वाट बघायचं काम हिच्याकडे दिलंय.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
लेक आली. पैलवान कोटात रुबाबदार दिसत होता. तिने बटणं काढली, कोट उतरवला आणि नुसती बघत राहिली. पाठ म्हणजे कसर लागलेलं ब्लँकेट.
हवामान, पाणी, वय अशी कारणं मी तयार ठेवली होती. तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, केस मी कापले, पाठ भाजली. पण त्याला नेऊ नकोस गं.
तिने कोटाची घडी घातली. मग विचारलं, ब्रश कोण करतं? पहाटे कोण नेतं? मलम कुणी लावलं? दर प्रश्नाला पैलवान हिच्याकडे बघून शेपूट हलवत होता. फितूर!
शेवटी लेकीने हिला विचारलं, आई, दोघांना सांभाळणं झेपेल ना तुला? ही म्हणाली, एकजण सांगितलेलं ऐकतो. दुसऱ्याची चाळीस वर्षांची सवय आहे.
ठरलं. पैलवान राहणार.
मीही.