वातावरण, रॉकेल आणि आमचा नंबर

१९ नोव्हेंबर १९८९, रविवार
वाचनालयाचे सेक्रेटरी महिपतराव घरी आले होते. जानेवारीच्या व्याख्यानमालेत यंदा परिसंवाद आहे. विषय : 'पृथ्वी तापते आहे, सत्य की बागुलबुवा?' सत्याची बाजू मी मांडायची. म्हणाले, ओव्हाळसाहेब, अख्ख्या डोंबिवलीत कार्बन डायऑक्साइडवर बोलणारा तुमच्याशिवाय आहे कोण? नम्रपणे नकार देणार होतो. तोंडातून हो निघालं.
बी.एस्सी.ला फिजिक्स होतं. पुढे सगळी विमा कचेरीच. पण वाचन सुटलेलं नाही. कात्रणांची फाइल आहे.
संकल्प : स्टेजवर जे बोलेन ते आधी घरात आचरेन.

२२ नोव्हेंबर
गॅस एजन्सीचं कार्ड आलं. नंबर लागला! आमची मुलगी मालू बालवाडीत असताना नाव घातलेलं, ती आता दहावीत. डिसेंबरअखेर कागदपत्रं घेऊन यावे, अन्यथा नाव रद्द. शालनने कार्ड दोनदा वाचलं आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं. स्टोच्या धुराने तिला वर्षभर खोकला आहे. डॉक्टर म्हणाले होते, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे स्टो काढा.
संध्याकाळी आंबिवलीहून तिचा भाऊ विश्राम पेढे घेऊन आला. म्हणाला, दाजी, आता ताईचा खोकला गेलाच म्हणून समजा.
पेढा खाताना मनात आलं, सिलिंडरमधला गॅस जळून काय होतं? कार्बन डायऑक्साइडच की.

२५ नोव्हेंबर
गणित केलं. एक किलो गॅस जाळला तर त्याच्या तिप्पट कार्बन डायऑक्साइड. तिप्पट! हवेतला ऑक्सिजन धरून, पण तरी.
रॉकेलचंही केलं. थोडं जास्तच निघालं. पण नुसत्या आकड्यांवर जाणं बरोबर नाही. रॉकेल रेशनवर मिळतं, संपलं की संपलं. गॅस आला की माणूस ऊठसूट चहा करतो. सोय वाढली की जाळणं वाढतं. अमेरिकेचं हेच झालं.
निर्णय राखून ठेवला. घाईने केलेलं विज्ञान हे विज्ञान नव्हे.

६ डिसेंबर
दादरला जाऊन आलो. परतताना शालनने विचारलं, गॅसचं काय झालं? म्हणालो, काम चालू आहे. हे खोटं नाही. गणित चालूच आहे.

९ डिसेंबर
एजन्सीत गेलो. काउंटरवर दामाजी नावाचा गृहस्थ. त्याला विचारलं, गॅस आणि रॉकेल यात वातावरणाला अधिक अपायकारक काय, याबद्दल कंपनीचं काही पत्रक आहे का? तो म्हणाला, साहेब, इथे लोक नंबरसाठी पाया पडतात हो. तुम्हाला गॅस पायजे की नको? म्हटलं, प्रश्न इतका सोपा नाही. तो म्हणाला, मग बाजूला व्हा, मागच्याचा सोपा आहे.
जनतेत जागृती शून्य. भाषणात घ्यावं.

१४ डिसेंबर
स्थानिक पुरावा हवा म्हणून गेल्या आठवड्यात थर्मामीटर आणला. रिकामा खिळा फक्त स्वयंपाकघरात होता, तिथे टांगला. चार दिवसांत पारा चढता. फार समाधान वाटलं. शालन म्हणाली, अहो, तो स्टोच्या डोक्यावर आहे. गॅलरीत हलवला. आता रोज उतरतोय.
नोंदी दोन्ही ठेवल्यात. पुरावा लपवणं मला जमत नाही.

२० डिसेंबर
कात्रणांच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरातली तारीख : १९७५. 'पृथ्वी थंड होत आहे, हिमयुग येणार?' फेकून द्यावं असा विचार क्षणभर आला. त्या विचाराची लाज वाटली. परिसंवादात तेही वाचून दाखवीन. खरं बोलणाऱ्याला भीती कसली?

२४ डिसेंबर
शालनला सगळं समजावून सांगितलं. हरितगृह परिणाम, ध्रुवावरचा बर्फ, समुद्र, आपली ठाण्याची खाडी. ती तांदूळ निवडत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, अमेरिकेतल्या बाईला विचारलंय का कुणी, भात कशावर शिजवतेस म्हणून? म्हटलं, तोच तर धोरणाचा प्रश्न आहे, सुरुवात कुणी करायची. ती म्हणाली, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने. माझ्याकडे आहे काय, एक स्टो आणि त्याच्या पिना.
मुद्दा चांगला आहे. विरोधी बाजूचा आहे, पण चांगला आहे. टिपून ठेवला.
खोकत होती. गॅसचं पुन्हा विचारलं. वर्षअखेरपर्यंत निकाली काढतो म्हणालो.

३० डिसेंबर
एजन्सीच्या दारापर्यंत गेलेलो. रांग नव्हती. आत गेलो नाही. एकदा सही केली की स्टेजवर कोणत्या तोंडाने उभा राहणार? उलट बाजूने, शालनचा खोकला. दोन्ही खरं आहे. उद्या शेवटचा दिवस, उद्या सकाळी शांत डोक्याने ठरवू.

३१ डिसेंबर
ठरलं. आधी माणूस, मग वातावरण. पहिल्यांदा निषेध नोंदवीन आणि मग कनेक्शन घेईन. रेशनकार्ड, फोटो, सगळं घेऊन नऊ वाजता पोचलो.
रविवार. एजन्सी बंद.

१ जानेवारी १९९०
दामाजी म्हणाला, यादी वर गेली साहेब. तुमचं नाव आता कटलं. म्हटलं, अखेर म्हणजे एकतीस, आणि एकतीसला तुम्ही बंद. तो म्हणाला, महिनाभर आम्ही उघडंच होतो की.
शालनला आज सांगितलं नाही. वर्षाचा पहिला दिवस. परिसंवादानंतर सांगेन. भाषण चांगलं झालं की घरात सगळ्यांचाच मूड बरा असतो.

७ जानेवारी
बराच विचार केला. मी गॅस गमावला असं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. दारापर्यंत जाऊन मागे फिरलो, तो माझा निर्णय होता. म्हणजे मी तो सोडला. याला त्याग म्हणतात. अतिशयोक्ती तर होत नाही ना, हे तपासलं. फारशी नाही.
भाषणाचा शेवट यावरच करणार.

२७ जानेवारी, परिसंवाद
इतकी थंडी डोंबिवलीत मी पाहिली नव्हती. सभागृहात कानटोप्या, मफलर, शाली. विषयाचं नाव जाहीर झालं तेव्हाच मागून कुणीतरी ओरडलं, तापू द्या हो लवकर!
माझ्या दहा मिनिटांतली सहा विरुद्ध पुराव्यात गेली. १९७५चं कात्रण वाचलं. थर्मामीटरच्या दोन्ही नोंदी वाचल्या. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत हेही सांगितलं. टाळ्या आल्या, कुठल्या वाक्यांना ते नीट कळलं नाही. शेवटी म्हणालो, बोलण्यापूर्वी मी आचरण केलं आहे. नंबर लागलेला असताना मी गॅस नाकारला. आमच्या घरी आजही स्टोच आहे.
शालन दुसऱ्या रांगेत होती. तिच्याकडे पाहायचं राहून गेलं. मग पाहिलं.
बागुलबुवाच्या बाजूला गोपीनाथराव टिपणीस, एका केमिकल कारखान्याचे मॅनेजर. उठले, म्हणाले, मी तर मानतच नाही पृथ्वी तापते म्हणून. पण ओव्हाळसाहेब मानतात, म्हणून त्यांच्यापुरतं सांगतो. स्टोची बरीचशी आच भांड्याला लागतच नाही, बाजूने जाते. तोच भात गॅसवर केला तर कमी जळतं. म्हणजे या सभागृहात पृथ्वी सगळ्यात जास्त कोण तापवतंय? हेच!
लोक हसले. मीही हसलो, खिलाडूपणे. मनातल्या मनात गणित करून पाहिलं. किलोला किलो लावला होता मी. भाताला भात लावायचा राहिला होता.
मग महिपतरावांनी मत घ्यायला हात वर करायला सांगितले. थंडीने शालीतून हात निघेनात. सत्याला मिळाली मोजकी मतं, बागुलबुवालाही तेवढीच. महिपतराव म्हणाले, प्रश्न खुला राहिला.
घरी येताना शालन माझ्यापुढे चालत होती.

२८ जानेवारी
शालन बोलत नाही. फोटोच्या चौकटीतलं कार्ड नाही. कुठे गेलं ते विचारलं नाही.
विश्राम आला. पेढे नव्हते. म्हणाला, दाजी, माणसं आपल्या ताटातलं सोडतात. तुम्ही ताईच्या ओट्यावरचं सोडलंत. उत्तर देणार होतो. पण आतून खोकला ऐकू आला, म्हणून पाणी घेऊन गेलो.

३० जानेवारी
एजन्सीत नवीन नाव घातलं. दामाजीने ओळखलं. म्हणाला, या वेळी प्रश्न नाही ना काही?
संकल्प : नंबर लागेपर्यंत रोज सकाळी स्टो मी पेटवणार. शालनने धुरात यायचं नाही. भाषणापेक्षा हे खरं आचरण.

१ फेब्रुवारी
उठलो तेव्हा चहा झालेला होता. उद्यापासून.

३ फेब्रुवारी
स्टोला पिन मारताना ती मोडली. नवीन आणायला हवी. उद्या रविवार, वेळ आहे.

४ फेब्रुवारी
शालनच्या आधी उठलो. पंप जरा जास्त मारला गेला असावा. भडका छतापर्यंत. परिसंवादानंतर थर्मामीटर पुन्हा स्टोवरच्याच खिळ्याला टांगला होता, तो तडकला. धुराने काही दिसेना. शालन पदर नाकाला लावून आली, हवा सोडली, डब्यातून एक जुनी पिन काढून मारली, पुन्हा पेटवला. निळी ज्योत. मला जमत नाही ती.
खिडकी उघडून मी तिथेच उभा राहिलो. ती खोकत होती. खोकला थांबल्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली. विचारलं, पृथ्वी तापायला किती वर्षं लागतील म्हणालात?
म्हटलं, पन्नास. कदाचित शंभर. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.
चहा गाळत म्हणाली, मग तोवर लागेल आपला नंबर.
रागाने म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर होतं.