दातांपुरतेच आलेत

५ जानेवारी
ह्यांच्या ऑफिसातून डायरी मिळाली. दरवर्षी मिळते. दरवर्षी मी त्यात इस्त्रीला दिलेले कपडे लिहिते आणि फेब्रुवारीत विसरते. यंदा रोज लिहायचं, मनातलं लिहायचं. आठवीपर्यंत शिकले मी, निपाणीला. अक्षर चांगलं होतं.

परवा अण्णा आणि अक्का येतायत, कॅनडाहून. अण्णा म्हणजे नरसिंहराव, ह्यांच्या थोरल्या काकांचा मुलगा. अक्का त्यांची बायको, वसुमती. हे घर त्यांचं. अण्णांची आई गेली तेव्हा घर बंद पडू नये, संध्याकाळी दिवा लागावा, म्हणून आम्हाला ठेवलं. त्याआधी आम्ही के. आर. पुरमला, बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या खोलीत होतो. लेकीला, संहिताला, दर थंडीत दम लागायचा. इथे बनशंकरीत आल्यापासून तिचा दम्याचा पंप कपाटात पडून आहे.

ह्यांना विचारलं, एकदम कसे काय येतायत. म्हणाले, दातांसाठी. तिकडे एका दाताला जेवढे घेतात तेवढ्यात इकडे अख्खं तोंड होतं.
मग काही नाही. दात झाले की जातील.

७ जानेवारी
आले. माणसं दोन, बॅगा चार. तिकडे थंडी, कपडे जाड असतात.
अक्काने पडदे आणलेत. लावून बघितले, हॉलच्या खिडकीला बरोब्बर बसले. मी म्हटलं, कसं काय जमलं. हे म्हणाले, त्यांनी फोनवर मापं मागितली होती, मी कळवली. आम्हाला भेट म्हणून असणार. बदामी रंगाचे आहेत. मला हिरवे आवडले असते, पण भेटीला नावं ठेवू नये.

९ जानेवारी
बसवनगुडीला दातांच्या डॉक्टरणीकडे गेलो. अनुषा नाव, पोरगीच आहे. अण्णांच्या दोन दाढा गेल्यात, तिथे हाडात स्क्रू बसवायचा. अक्काच्या दाढांना नुसत्या कॅपा. खर्च ऐकून अण्णा हसायलाच लागले. अक्का मराठीत म्हणाली, अहो हसू नका, वाढवेल ती. डॉक्टरीण मराठीतच म्हणाली, नाही वाढवत आंटी, माझं माहेर बेळगाव.

येताना अण्णा एका हॉस्पिटलसमोर उतरले आणि घरून किती लांब पडतं ते विचारून आले. मग बँकेत गेले. मग एका वाचनालयाबाहेर उभे राहिले, आत म्हातारे पेपर वाचत होते.
हॉस्पिटल बरोबर आहे, दात काही शरीराच्या बाहेर नसतो. बँक पण बरोबर. म्हातारे कशाला बघायचे ते कळलं नाही. उद्या कळेल.

११ जानेवारी, रविवार
हे सकाळीच के. आर. पुरमला गेले, देवाप्पाकडे. जुने शेजारी आमचे. मागच्या रविवारी पण गेले होते. सुट्टीच्या दिवशी कोणी एवढ्या लांब जातं का? पण मैत्री आहे.
अण्णांनी नळाच्या पाण्यात पेनासारखं काहीतरी बुडवलं आणि आकडा बघितला. दातांना चांगलं पाणी लागतं, चूळ भरायची असते. मग टेप घेऊन स्वयंपाकघराचा ओटा मोजला. अक्का म्हणाली, इथे डिशवॉशर बसेल का हो. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, कावेरी असताना डिशवॉशर कशाला. मला बरं वाटलं. तासाभराने तेवढं बरं वाटेना.

१५ जानेवारी, संक्रांत
अक्काने गल्लीतल्या प्रत्येक घरी एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, वाटलं. मला ताट धरायला घेतलं. तीन वर्षांत ज्यांच्याशी मी नुसतं हसत होते त्यांच्याकडे अक्का आत जाऊन बसली. कोपऱ्यावरच्या गंगव्वा म्हणाल्या, आता कायमचंच ना? अक्का म्हणाली, बघू, बघायलाच आलोय.
म्हणजे दात बघायला. असंच बोलतात ते लोक. तिकडे राहून मराठी बिघडतं.

मी घाबरलेली नाही. फक्त दाढ ठणकतेय, उजवीकडची, बरेच दिवस. गार पाणी लागलं तरच. म्हणजे तशी दुखत नाही.

१७ जानेवारी
एक ठरवलं. अण्णा-अक्कांना बंगळूर फार छान दिसतंय. चाळीस वर्षांपूर्वीचंच बघतायत ते. खरं काय ते दाखवलं पाहिजे. त्यात वाईट काही नाही, माहिती देणं आहे.
अक्काची मैत्रीण स्मिता के. आर. पुरमच्या पुढे राहते. मी म्हटलं, सोमवारी संध्याकाळी जा, निवांत असतं. खरं तर तेव्हा गाड्यांच्या गर्दीत मुंगी पण हलत नाही तिकडे. तासभर तिथल्या पुलाखाली अडकले की परतीचं तिकीटच काढतील.

१९ जानेवारी
तासभर नाही, दोन तास अडकले. आता रागावून येतील म्हणून मी चहा टाकून बसले.
अण्णा गाणं गुणगुणत आले. हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा. पुलाखाली गाडीतून उतरले, शेंगा घेतल्या, ड्रायव्हरशी कन्नडात गप्पा मारल्या, ट्रकवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं सगळं समजून घेतलं. म्हणाले, कावेरी, तिकडे गाडी सुसाट जाते आणि वर्षभर कोणाशी चार शब्द बोलणं होत नाही.
चहा मीच प्यायले. दाढेला लागला. म्हणजे गरमही लागतो.

२१ जानेवारी
नवा बेत. पाण्याची मोटर बंद ठेवायची आणि म्हणायचं, टँकर आला नाही. पाण्याशिवाय कॅनडाचा माणूस किती टिकेल?
सकाळी बंद केली. अक्काने बादली मागितली, तांब्याने आंघोळ केली आणि ओले केस पुसत म्हणाली, माहेरी आल्यासारखं वाटलं गं.
दुपारी अण्णा स्क्रू बसवून आले. गाल एवढा सुजलेला, ओठावर रक्त. माणसाला चूळ भरायला पाणी नको का. मोटर लावली.
बेत चांगला होता, दिवस चुकला.

२३ जानेवारी
अण्णांना चावायचं नाही. मी गुरगुट्या भात केला, वर तूप, मेतकूट. तोंड उघडत नव्हतं तर लहान चमच्याने भरवला. संहिताला भरवते तसा. अण्णा रडले. मी म्हटलं, दुखतंय का? म्हणाले, नाही, तिकडे मागे दाढ काढली तेव्हा मी डब्यातलं सूप गार करून उभ्यानेच प्यायलो होतो.
वाईट करावं असं ठरवून पण भात वाईट करता येत नाही. हात ऐकत नाही. उद्या नाचणीची आंबील करणार. त्यांना बरं वाटलं की लवकर जातील, तसाही हा बेतच आहे एक.

२७ जानेवारी
ठरलं. उद्या सरळ अक्काला विचारणार, तुम्ही राहायला येणार का, आमचं काय. दोनच वाक्यं. पाठ केलीत.

२८ जानेवारी
अक्काचं डोकं दुखत होतं.

२९ जानेवारी
अक्काचं डोकं थांबलं. माझं दुखायला लागलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही विचारा. हे म्हणाले, बघू. मी म्हटलं, तुमचे भाऊ आहेत. हे म्हणाले, बघू म्हटलं ना, आणि गाडी पुसायला गेले. गाडी कालच पुसली होती.

३० जानेवारी
संहिताचा पहिला दात पडला, पुढचा. शाळेतून मुठीत घेऊन आली, बोबडं बोलत. पुढच्या पडवीच्या कौलांवर टाकायचा होता, माझा हात पोचेना. अण्णांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिने फेकला, तो खडखडत जाऊन बसला वर. मी म्हटलं, आता आपल्या घरावर तुझा दात आहे.
अण्णा वर बघत होते. म्हणाले, माझे सगळे ह्याच कौलांवर आहेत.
मी हसले. हसायचंच होतं ते.

२ फेब्रुवारी
चांगली बातमी. डॉक्टरीण म्हणाली, हाडाने स्क्रू धरायला चार महिने लागतात, मग वर दात बसवायचा. म्हणजे आत्ता जाणार आणि जूनमध्ये फक्त दात बसवायला येणार. बघ, मी म्हटलंच होतं. दातांपुरतेच आलेत. उगाच तीन आठवडे जीव टांगला.
अक्का माझ्या गालाकडे बघत होती. म्हणाली, उद्या-परवा तू चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, मला काही नाही झालं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
दाढ काढली. डॉक्टरीण म्हणाली, मूळ कधीच गेलंय, आधी आला असतात तर वाचवली असती, एवढे दिवस काय करत होतात. मी म्हटलं, दुखत नव्हती. तिने आणि अक्काने एकमेकींकडे बघितलं.
कापसाचा बोळा दिला, म्हणाली, तासभर दाबून धरा, बोलायचं नाही.

रिक्षात अक्काने माझा हात हातात घेतला. म्हणाली, कावेरी, तुझ्या योगीराजने तुला सांगितलंच असेल. आम्ही निघायच्या आधीच त्याला फोन केला होता. म्हटलं, आता आम्ही परत यायचं बघतोय, जूनमध्ये येऊ, तोवर सावकाश जागा बघ, घाई नाही. ही फेरी नुसती बघायची होती, जमतं का इकडे. दात तर काय, आलोच होतो म्हणून.
मी बोळा चावून धरला.
अक्का म्हणाली, खरं सांगू, माझं मन होत नव्हतं. मुलगा तिकडे आहे. पण तू ह्यांना भात भरवत होतीस ना, ते मी दारातून बघितलं. तेव्हाच म्हटलं, सरी, ठीक आहे, इथे माणसं आहेत. तुम्ही पण लांब जाऊ नका हं, जवळच बघा कुठेतरी.
मी मान हलवली. नाही म्हणून हलवली. पाठ केलेली दोन्ही वाक्यं तोंडात होती, कापसामागे.
अक्काने हात दाबला. म्हणाली, मला वाटलंच होतं तू समजून घेशील.

५ फेब्रुवारी
ह्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. हे म्हणाले, सांगणारच होतो. मी म्हटलं, कधी? म्हणाले, ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी तू संहिताच्या नव्या दप्तरावर ह्या घराचा पत्ता लिहीत होतीस. पेनाने, ठळक. मग राहिलं.
मग देवाप्पाकडे दर रविवारी? म्हणाले, जागा बघायला. इथे जवळपास आपल्याला परवडत नाही, कावेरी.
मी म्हटलं, खोटं का बोललात. म्हणाले, खोटं नाही बोललो, दात होतेच की.
मी भांडले असते, पण टाका दुखत होता.

१० फेब्रुवारी
गेले. अण्णांनी वाकून नमस्कार करू दिला नाही, डोक्यावर हात ठेवला. अक्काने पडदे काढून घडी करून कपाटात ठेवले, धूळ बसेल म्हणून.
पण चार महिने म्हणजे लई झाले. चार महिन्यांत माणसाचं मन बदलतं. मुलगा अडवेल. डॉक्टरीण म्हणाली होती, कधी कधी हाड स्क्रू धरत नाही. देवासमोर बसले तेव्हा तोंडात आलंच होतं, अण्णांच्या हाडाने स्क्रू धरू नये. लगेच कान पकडले. माझ्या हातचं खाल्लंय त्या माणसाने.
आणि मग लक्षात आलं, नाही धरलं तर ते लवकरच येतील.

३ एप्रिल
व्हिडिओ कॉल. अण्णांनी तोंड उघडून दाखवलं. छान धरलंय.
मागे खोकी दिसत होती, चिकटपट्टी लावलेली. तिकडे लोक घर आवरतात उन्हाळा आला की.

१४ जून, के. आर. पुरम
दोन महिन्यांनी लिहितेय. खोली चांगली आहे. पत्र्याची नाही, स्लॅबची. वर अजून दोन मजले आहेत, त्यामुळे गरम होत नाही. खाली रस्ता आहे, खिडकी बंद ठेवली की धूळ येत नाही. पंप कपाटात नाही ठेवलेला, उशीपाशीच ठेवलाय. लागतो म्हणून नाही, सापडायला बरं. काल लागला, पण एकदाच.
अक्काचा फोन आला होता. अण्णांचे दात बसले. अक्रोड फोडून दाखवला म्हणे. म्हणाली, येत जा गं, लांब गेलात फार. मी म्हटलं, हो, हे तात्पुरतंच आहे.

आज संहिताचा दुसरा दात पडला. दात घेऊन जिन्यात गेली, वर बघितलं, परत आली. म्हणाली, आई, आपलं छप्पर कुठलं?
वरच्या मजल्यावर भाडेकरू, त्याच्या वर मालक. गच्चीला कुलूप.
हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. दात लगेच टाकला पाहिजे असं कुठे काही नाही.