अठ्ठावन्न नंबरची आई

हॅम्लिन फोर्क, नेब्रास्का
रविवार, १७ नोव्हेंबर

चि. डेल,

आईचे आशीर्वाद. अलास्कात तू पोटभर जेवतोस आणि मोजे कोरडे ठेवतोस, असं धरून चालते. मी मजेत आहे. कुंपण अजून वाकडंच आहे.

आपल्या कॉलेजचा फुटबॉलचा मोसम काल संपला. दहा सामन्यांत दोन विजय, त्यातला एक समोरच्यांच्या कृपेने. तू ऑगस्टमध्ये संघ सोडलास तरी ‘आपलं’ म्हणायची माझी खोड जात नाही.

हिला एवढं कसं माहीत, असं म्हणशील. मी जात होते. बाहेरगावच्या सामन्यांनासुद्धा.

पहिल्या शनिवारी फक्त बटाट्याचं सॅलड पोचवायला गेले, उन्हाळ्यातच कबूल केलं होतं म्हणून. अंगात तुझी अठ्ठावन्न नंबरची जर्सी. मुद्दाम नाही रे, तीन वर्षं शनिवारी तीच घालत आले, हात आपोआप तिच्याकडे गेला. सामन्याआधी पार्किंगमध्ये नेहमीसारखी आयांची पंगत मांडलेली, प्रत्येक आईच्या अंगावर आपापल्या पोराचा नंबर. ब्रायसची आई बर्नी मला पाहून चाटच पडली.

“अगं लोर्ना, तू कशी आलीस?”

“गाडीने.”

“तसं नाही गं...”

“मग कसं? सॅलड हवंय की नकोय?”

तिने मला खुर्ची दिली आणि मी सामन्यालाही थांबले. दुसऱ्या डावात भोंग्यावर आवाज आला, “चेंडूवाल्याला पाडलं! नंबर अठ्ठावन्न!” आणि मी ताडकन उठून ओरडले, “शाब्बास रे माझ्या वाघा!” अख्खी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. मग मला कळलं. तुझा नंबर त्यांनी नव्या पोराला दिला होता. बर्नी उगाच बुटाची नाडी बांधत बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सामन्यानंतर तोच पोरगा आमच्या टेबलाशी आला. टाविटा नाव, सामोआ बेटांवरचा, दरवाजाएवढा. त्याचं इथे कुणीच नाही. माझ्या जर्सीकडे बघत म्हणाला, “आँटी, हा तर माझा नंबर.”

“आधी माझ्या मुलाचा होता.”

“मग परत देऊ का?”

इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसूच फुटलं. त्याच्या ताटात भाजलेल्या बरगड्या वाढल्या. पुढच्या शनिवारी तो परत आला आणि मग येतच राहिला. एकदा म्हणाला, “तुमच्या मुलाने खेळ का सोडला?” मी म्हटलं, खांदा दुखावला. खोटंच. खरं मला कुठे ठाऊक आहे? तू बॅग दारात ठेवलीस आणि म्हणालास, “आई, आता नाही जमत.” तेवढंच.

मी आताही विचारत नाहीये. पण तुझे बाबा गेल्यापासून शनिवार खायला उठतो, डेल. त्या पार्किंगमध्ये कुणीतरी मला हाक मारतं, म्हणून जात होते. आणि खरं सांगू? तुझा नंबर मैदानात धावताना दिसला की घटकाभर वाटायचं, तू इथेच आहेस. वेड्यासारखंच, पण वाटायचं.

काल शेवटचा सामना. संपल्यावर सगळे आपापल्या घरच्यांना मैदानावर नेऊन फोटो काढतात, तुला माहीतच आहे. टाविटा धावत कठड्याशी आला. “आँटी, चला ना. आईला फोटो पाठवायचाय.”

मी निघाले आणि पायऱ्यांवरच थबकले. तिकडे ती माउली फोटो उघडणार, आणि तिच्या लेकाचा नंबर भलत्याच बाईच्या अंगावर! मी तिथेच थंडीत कोटावर चढवलेली जर्सी काढली, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, “ही तिला पाठव. अंगात घालून फोटो काढ म्हणावं.” पोरगं रडायलाच लागलं. फोटोत मी जुन्या तपकिरी कोटात आहे, नाक लाल.

घरी आले आणि कपाटात जर्सीची रिकामी खुंटी बघून खूप रडले. आता पुढच्या मोसमात मी कुणाची म्हणून जाऊ?

२८ तारखेला, गुरुवारी, थँक्सगिव्हिंगचं जेवण. दोन ताटं मांडीन. टीव्ही लावणार नाही, सामन्याचं नाव काढणार नाही. घरात तुझा नंबर आता उरलेला नाही. तू नुसता तू म्हणून ये. आणि नाहीच जमलं तर त्या दिवशी फोन तरी उचल.

कुठल्याच नंबरची नसलेली, पण तुझीच,
आई