पंपाचा पडदा

विजयमाला,

आईला जेवाय घालायला घरी येशील तवा हे वाच. टँकर जतच्या नाक्याजवळ बंद पडलाय. इंजिनात पेट्रोल ओढायच्या पंपाचा रबरी पडदा फाटला. मालकानं सांगलीला फोन लावला, तर नवा पडदा सोमवारी मिळंल म्हनत्यात. तवर वाडीनं काय प्यायचं?

आईची गुडघे शेकायची रबरी पिशवी नेतोय. ती कापून पडदा बसवतो. पेट्रोलात हे रबर फुगतंय, एक खेप झाली तरी लय झालं. आईनं इचारलं तर पिशवी गळत व्हती म्हन, आन् आज गरम विटंनं शेक.

पान्यासाठी लावलेल्या घागरींच्या रांगेवरनं यायचं धाडस झालं न्हाई, ओढ्यातनं आलो. वर रांगेत हुसेनबी मावशी कुनाला तरी सांगत व्हत्या, "नाथाजीचा टँकर हाय, येनारच." तसाच वाकून म्होरं आलो.

भाकरी खाल्ली. पान्याला शिवलो न्हाई, ते आईला ऱ्हाऊ दे.

तू परत रांगेत जा. काय बी झालं तरी आपली घागर उचलू नगंस. टँकरवाल्याच्या बायकूनं घागर उचलली, की समद्यांना कळंल.

नाथाजी