मांजरांना चालणारी फळं

३ मार्च

आमच्या मांजरीने, शाईने, पुन्हा ओकलं. दाराजवळच्या पायपुसण्यावर — पिवळट फेस, त्यात स्ट्रॉबेरीचा एक तुकडा.

दादा म्हणाला, "घ्या! प्रयोगशाळेची भेट परत आली."

मी चिमट्याने तुकडा उचलून डबीत ठेवला. वहिनी ओरडली, "शी! फ्रिजमध्ये नको हं ठेवूस ते." ठेवला. नमुना खराब होऊन चालत नाही.

फळं मी आणते हे खरं आहे. बाजारातली फळं आमच्याकडे तपासायला येतात. प्रत्येक मालाची एक पेटी राखीव असते. अहवाल गेला की ती आम्ही वाटून घेतो. म्हणजे मी घरी आणते ती फळं बाजारातल्या कुठल्याही फळापेक्षा जास्त तपासलेली असतात. हे दादाला मी तीन वेळा सांगितलं आहे. तो तीनही वेळा म्हणाला, "हो, शास्त्रज्ञबाई."

५ मार्च

शाई काही खात नाही. पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून बसते.

वहिनीचंही पोट दुखतंय, तोंडाला चव नाही. दादा म्हणतो, "दोघी ठरवून करतात." वहिनीला सहावा महिना लागलाय. तिच्या डॉक्टर म्हणाल्या, या दिवसांत व्हायचंच.

८ मार्च, रविवार

प्राण्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. शाईने त्यांच्या मनगटावर ओरखडा काढला, तर म्हणाल्या, "अंगात जोर आहे अजून. बरं आहे."

काय खाते विचारलं. वहिनी म्हणाली, "माझं उरलेलं. मी रात्री फळं कापून दह्यात मुरायला ठेवते, सकाळी खाते. वाडगा हिच्यापुढे सरकवला की चाटूनपुसून लख्ख! मला धुवायचंही काम नाही."

"द्राक्षं? मनुका?"

"कधीकधी."

"नको. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने जातात हे नक्की. मांजरांचं तितकं नक्की नाही, पण पाहायचंय कशाला? लिंबू-संत्र्याची सालं नको, कसल्या बिया नकोत. सफरचंदाचा गर, कलिंगड, स्ट्रॉबेरी — एखादा तुकडा चालतो. तिला फळांची गरज नाहीच. ती दह्यासाठी येते."

शाईला तिथे ठेवून घेतलं. सलाईन लावलं. परतताना गाडीत वहिनीने हळूच विचारलं, "तिला बाधलं ते मला नाही ना बाधणार? मला नाही म्हणजे…" आणि पोटावर हात ठेवला.

मी म्हटलं, तपासून सांगते.

९ मार्च

वहिनीने फळं बंद केली. सगळी पेटी शेजारी देऊन टाकली. मला न विचारता.

राग आला. दाखवला नाही.

१२ मार्च

राखीव मालातली स्ट्रॉबेरी, आलुबुखार आणि द्राक्षं पुन्हा यंत्राला लावली. नव्या काचेच्या भांड्यात, नवे हातमोजे, स्वतः. डबीतला तुकडाही लावला. फवारणीचे अंश: कुठेच नाहीत. आलेखाची एकही रेघ वर उठली नाही.

प्रयोगशाळेतल्या खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्या धातू मोजतात. म्हणाल्या, "मांजरासाठी यंत्र अडवलंस म्हणे! आमच्याकडे नाही टाकायचा नमुना?" मी म्हटलं, फळात धातू कुठून येणार. त्या हसल्या. मीही.

१५ मार्च, रविवार

शाईला घरी आणलं. टोपलीतून उतरली ती थेट भांड्याकडे. सगळं खाल्लं आणि दादाच्या पायावर शेपूट घासली. दादाने तिच्याशी अर्धा तास बाळबोलीत गप्पा मारल्या आणि वर मला म्हणाला, "हे कुठे सांगायचं नाही."

वहिनीही बरी दिसते. आठवडाभर पोट दुखलं नाही म्हणते.

जेवताना अहवाल वाचून दाखवला. प्रत्येक फळ, प्रत्येक रकाना. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे फळांत काही नव्हतं."

"काही नव्हतं."

"मग द्राक्षंच असतील."

"असतील. द्राक्षं शाईला द्यायची नाहीत. बाकी चालेल. वहिनी, तू सगळं खा."

"नक्की ना गं?"

"मी मोजलंय."

तिचा चेहरा खुलला. उठून कपाटातून तिचा वाडगा काढला — दादाने जानेवारीत केलेला. दादा टाइलच्या कारखान्यात झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या कामावर असतो, पण मागच्या खोलीत त्याची स्वतःची छोटी भट्टी आहे. हा त्यातला पहिला फुटका न निघालेला वाडगा. आत गडद निळा, तळाला हिरवा. पाणी साचल्यासारखा दिसतो. एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्याने झिलईच्या भुकटीचे डबे उचलून आणलेत. "असा माल आता बनवत नाहीत. कमी आचेवर काच होते बघ!" वहिनी दुसऱ्या कशात खातच नाही.

मी आलुबुखार चिरून दिले.

२१ मार्च

शाई जिन्यावरून पडली. पडली म्हणजे — मागचे पाय गेले. मग उठली आणि काही झालंच नाही अशी चालू लागली. मांजर जिन्यावरून पडत नाही.

द्राक्षं घरात नाहीत. मी कचऱ्याची पिशवीसुद्धा पाहिली.

वहिनी दुपारपासून झोपून आहे. डोकं, पोट. "अगं, बाळ लाथा मारतंय, दुसरं काय." हसली. हसताना ओठ पांढरे दिसले. लोह कमी असेल.

२४ मार्च

आज सकाळी शाईला झटका आला. ओट्याखाली, माझ्यासमोर. चारही पाय ताठ, तोंडातून लाळ. दादाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि अनवाणीच गाडीकडे पळाला.

डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकापाशी बराच वेळ होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही तपासणीतल्या ना? या, बघा." तांबड्या पेशी कच्च्या होत्या, केंद्रकासकट. अशा पेशी रक्तात इतक्या दिसू नयेत.

"घरात जुना रंग खरवडला का हल्ली? भिंतीचा, खिडक्यांचा?"

"नाही."

"मला शिशाचा संशय आहे. रक्त बाहेर पाठवते. तिला तोंडावाटेच गेलंय कुठून तरी."

दादा म्हणाला, "शिसं? पेन्सिलीतलं?"

२६ मार्च

शाईच्या रक्तात शिसं आलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आत्ता आणलं नसतंत तर गेली असती. औषध सुरू केलंय. मग म्हणाल्या, "पण घरातलं मूळ शोधा आधी. नाहीतर इथून बरी करून परत त्यातच पाठवायची."

खिडक्या पाहिल्या. नळ पाहिला. दादाची भट्टीची खोली — तिथे शाई जात नाही, दार कायम बंद.

मग विचार उलटा केला. शाई कुठे जाते ते नाही. शाई काय चाटते.

फ्रिज उघडला. वाडगा समोरच होता. झाकण ठेवलेला. स्ट्रॉबेरी, आलुबुखार, दही. रात्रभर मुरायला.

फळात धातू कुठून येणार, असं मी म्हटलं होतं. मी फळ काचेत मोजलं होतं. स्वच्छ, नव्या काचेत. ती फळं मी तिच्या वाडग्यात कधीच मोजली नाहीत.

जुन्या झिलईत शिसं असायचं. त्यानेच ती कमी आचेवर वितळते. पक्की भाजली नाही की आंबट पदार्थ ते ओढून घेतो. हे मला ठाऊक आहे. पुस्तकात होतं, परीक्षेला आलं होतं. आईच्या रक्तातून ते बाळाकडे जातं. हेही त्याच पानावर.

आतलं सगळं फेकलं. वाडगा कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत. वहिनीला सांगितलं, दही आंबलं होतं. वाडग्याला चीर दिसतेय, म्हणून नेते.

ती म्हणाली, "जपून हं! तो गेला तर तुझा दादा आठवडाभर जेवायचा नाही."

संशयावर बोलायचं नाही. दादाने तो तिच्यासाठी केलाय. चूक निघाले तर त्याला उगाच आयुष्यभराचा घोर. बरोबर निघाले तर कागद हातात हवा. एक दिवसाचा प्रश्न आहे. खालच्या बाई उद्या सकाळी लावून देतील.

वाडगा माझ्याकडे आहे, म्हणजे आज रात्री काही होत नाही.

२७ मार्च

बाईंनी वाडग्यात सौम्य आम्ल भरून ठेवलंय. उद्या मोजणार. आज त्या हसल्या नाहीत.

घरी काही बोलले नाही. दादा भट्टीपाशीच होता, शीळ घालत. जेवायलाही उशिरा आला.

२८ मार्च

आकडा यंत्राच्या टप्प्याबाहेर गेला. पातळ करून पुन्हा मोजावं लागलं.

घरी फोन लावला. वहिनीने उचलला. म्हटलं, तयार हो, तुझं रक्त तपासायचंय. आत्ता. दादालाही सांग.

ती म्हणाली, "अगं, हो हो! खाऊन तरी घेऊ दे. तुझ्या त्या चिरेचं दादाला सांगितलं, तर घडवून ठेवलेल्याला झिलई चढवून लगेच नवा केलान! रात्रीच फळं मुरत घातली त्यात. आणि सोबत एक एवढासा पण काढलाय — बाळाचा."