पुठ्ठ्यावरचं रक्त

मंगळवार संध्याकाळ, रावेर

आज थोरल्या भावाचा ओठ फोडला. पुस्तकाच्याच पुठ्ठ्याने.

परदेशी प्रकाशकाकडून थेट मागवलेलं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक! दोन महिने वाट पाहिली. मी जळगावला असताना पार्सल आलं, वहिनीने उघडून कपाटात ठेवलं. परत येऊन पाहतो तर भाऊ पानं टराटरा फाडून केळीच्या फण्यांमध्ये घालतोय. सोबतचं सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड ज्या पानावर छापला होता, ते तर केळ्यांच्या ट्रकमधून केव्हाच गेलेलं. उरलेला पुठ्ठा उचलला आणि हाणला. पुन्हा हाणला. डोक्यात खून चढला होता, खोटं कशाला लिहू?

त्याने हात उचलला नाही. ओठ पुसत म्हणाला, "तूच सांगितलं ना मले, कपाटातले कॉम्प्युटरचे पुस्तकं पॅकिंगले घेऊन जाय?"

सांगितलं होतं. परवाच. 'जुनी' तेवढं म्हणायचं राहिलं.

पुठ्ठा समोरच पडलाय. हात अजून शिवशिवतोय, माझंच थोबाड फोडायला.