पट्ट्याखालचा पाय

३ नोव्हेंबर
भिलाईत पोचले. स्मृति नगरातली खोली छान आहे, खिडकीसमोरच शेवगा. घरमालकीण प्रेमलाकाकू गोंदियाकडच्या, त्यामुळे आल्याआल्या चहासोबत मराठीही मिळाली. मी कसली डॉक्टर, हे त्यांनी विचारलं. झोपेचं इंजेक्शन देणारी, म्हटलं. "मंग मले द्या बाप्पा! हे घोरून राह्यले तं मले झोप कोठची?" काका आतून खोकले. खूप हसलो.
उद्यापासून दवाखाना. उदासीनं ज्यांचं अन्नपाणी सुटलंय, जे मरायला निघालेत, त्यांच्या मेंदूला तिथे विजेचा हलका झटका देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण अशी माणसं महिन्याभरात उठून जेवताना मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळापुरतं त्यांना झोपवणं हे माझं काम.

७ नोव्हेंबर
झोपेचं औषध निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. प्रोपोफॉलनं माणूस अलगद जागा होतो, पण झटक्यानं यायला हवी ती फिट तोकडी पडते. केटामिननं फिट चांगली येते, पण जागं होताना काहींना भलतंसलतं दिसतं. मी बहुतेकांना थायोपेन्टोन देते. मग स्कोलीन. त्यानं सारं अंग लुळं पडतं आणि फिटमध्ये हाड मोडत नाही. फक्त एका घोट्यावर बीपीचा पट्टा आवळून ठेवायचा. पट्ट्याखाली स्कोलीन पोचत नाही. फिट आली की नाही, ते तो एकच पाय सांगतो.
क्रम कधी बदलायचा नाही. आधी झोप, मग स्कोलीन. उलट झालं तर माणूस जागेपणी स्वतःच्याच अंगात पुरला जाईल.
बाबा आमगावला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. शाळेत घालण्याआधी त्यांनीच मला घरी शिकवलं. लिव्हर ओढायच्या आधी नंबर मोठ्यानं म्हणायचा, हा त्यांचा पहिला धडा. मी अजूनही सिरिंज उचलली की औषधाचं नाव मोठ्यानं म्हणते. थिएटरमधल्या मदतनीस अंजनाबाई म्हणाल्या, "मॅडम तं सुईलेबी नाव इचारून राह्यल्या!"

१९ नोव्हेंबर
दवाखाना अभिनव सरांचा. गोड बोलतात. "मोनाली, नींद कम, फिट लंबी," असं त्यांचं सूत्र. मी ऐकलं नाही, पुरेसं औषध दिलं. ते हसले, पण हसू डोळ्यांत नव्हतं.
आज बोरसीचे एक निवृत्त मास्तर होते. फिट आली, संपली, मशीनवरची रेघ शांत झाली. पट्ट्याखालचा पाय मात्र हलत राहिला. झटके नव्हते ते. टाच, चवडा. टाच, चवडा. शिलाई मशीन चालवावी तसा संथ.
सर पाहत होते. मग बाहेर निघून गेले.

२ डिसेंबर
आज पेशंट दुसरी, एक कॉलेजातली मुलगी. पाय तोच.
अंजनाबाईंना गाठलं. आधी टाळाटाळ, मग बसल्या. रुआबांधा वस्तीतली तारा, इथलीच जुनी पेशंट, ब्लाउज शिवायची. माझ्या आधी सर स्वतःच झोपेचं औषध द्यायचे, नावापुरतं. तारा जागी असायची. "मले म्हणे, अंजना, सारं आयकू येत होतं, डोये उघडता येत नोते. कोणाले समजन म्हून मशीनीवानी पाय चालवला." सरांनी तो पाय पाहिला होता. स्कोलीनचं फडफडणं आहे, म्हणाले.
पट्ट्याखाली स्कोलीन पोचतच नाही! पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. त्यांना कळलं नसेल?
तारानं नंतर घरीही सगळं सांगितलं. सर तिच्या नवऱ्याला म्हणाले, भ्रम आहे, आजाराचाच भाग आहे. पुढच्या खेपेला सही त्यानंच केली. त्या खेपेच्या सकाळी तारानं घरी जीव दिला.

२८ डिसेंबर
मला राग येतो. आमच्या घरात असा राग कुणाला आलेला मी पाहिला नाही. जेवताना येतो, वेणी घालताना येतो. सरांना कळायला हवं. सांगून नव्हे. अंगानं कळायला हवं.

२१ जानेवारी
सर जेवत नाहीत. केबिनमध्ये स्वतःच्या बुटांकडे बघत बसतात. परवा मला विचारलं, वरच्या मजल्यावर शिलाई मशीन कोण चालवतंय? वर गच्ची आहे.

१५ फेब्रुवारी
सरांनी पाणीही सोडलं. त्यांच्या पत्नी रेणूताई रडत होत्या. झटक्याचे उपचार ठरले. यंत्रावर रायपूरचे डॉक्टर येतील. झोपवायला मात्र मीच हवी, असं सर म्हणतात. ती औषध दोनदा बघून देते, म्हणतात.
थायोपेन्टोन ठरवलं आहे. पुरेसं देईन. मी डॉक्टर आहे.
लिहिताना टेबलाखाली माझा पाय — आत्ता थांबवला.

१७ फेब्रुवारी
झालं.
नाव मोठ्यानं म्हटलं. थायोपेन्टोन. अंजनाबाईंनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. हातात मात्र स्कोलीन होतं. ते मी पाहिलं. पाहूनही —
पट्टा बांधलाच नव्हता. तारापाशी एक पाय तरी होता.
झोपेचं औषध मागून दिलं. झटक्याच्याही मागून.

१८ फेब्रुवारी
सरांनी रेणूताईंना सगळं सांगितलं. मी जागा होतो, ती मला मारतेय. रेणूताई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, भ्रम आहे, आजाराचाच भाग आहे.
त्यांनी माझा हात धरून आभार मानले. पुढची सही केली.
अंजनाबाई माझ्याकडे पाहत नाहीत. पायाकडे पाहतात.

१९ फेब्रुवारी
उद्या दुसरी खेप. जाणार नाही. फोन करून सगळं सांगते — फोन उचलला. पाय चालू झाला. ठेवला, थांबला.
राग माझा की ताराचा? वेगळा काढता येत नाही.

२० फेब्रुवारी
सकाळ. निघाले आहे. चपला घालताना — टाच, चवडा — काकू म्हणाल्या, कोण शिवून राह्यलं ओ?
बाबा, नंबर म्हणते. मोठ्यानं म्हणते.
आधी झोप, मग स्कोलीन.
आधी झोप, मग —
आधी —